पाऊल टेकायला कोबा, पाणी मुरायला माती

मैत्रिणींनो, हा लेख लिहायला बसले तेव्हा जरा ओशाळल्यासारखं झालं. ज्या गोष्टीला मर्यादा घाला असं मी आज म्हणणार आहे, तीच गोष्ट मिळावी म्हणून काही वर्षांपूर्वी मी पंचवीस-तीस बायांना घेऊन ग्रामपंचायतीच्या दारात बसले होते. ती गोष्ट म्हणजे आळीतला सिमेंट काँक्रीटचा रस्ता.

मी राहते खांबला. मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं सोडलं, सुकेळी खिंड उतरली की कोलाडच्या अलीकडे आमचं गाव लागतं. खिंडीच्या पलीकडचं पाणी अंबा नदीला जातं, अलीकडचं कुंडलिकेला. पाणलोट हा शब्द शिबिरात ऐकला की जड वाटतो. अर्थ एवढाच, की कुठल्या डोंगरावर, छपरावर, अंगणात पडलेला थेंब शेवटी कुठल्या नदीला मिळतो, त्या सगळ्या जमिनीचा एक हिशोब.

मोर्चा नेला ते गाव खांब नव्हे. ते जवळच आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे तिथे झालं ते रोहा-पेण तालुक्यांतल्या कुठल्याही गावात झालेलं सापडेल, आणि एकाच गावाच्या माथी ते मारणं बरं नाही. आमच्या संघटनेचं मंडळ तिथे होतं. बायांची पहिली मागणी काय, तर आळीतला चिखल. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. लाल मातीच्या त्या आळीत जूनपासून घोट्यापर्यंत राड. डोक्यावर हंडा, कडेवर मूल, आणि पाय ठेवायला जागा नाही. एक बाळंतीण पाळणा करून मुख्य रस्त्यापर्यंत उचलून न्यावी लागली, कारण गाडी आत येईना. चिखल्यांनी बायांच्या पायाची बोटं सडायची. पुरुषांनाही चिखल होता, पण दिवसातून दहा खेपा त्यांना नव्हत्या.

म्हणून आम्ही भांडलो. दोन ग्रामसभा गाजवल्या. शेवटी आळीचं काँक्रीटीकरण मंजूर झालं, नारळ फुटला, नावाची पाटी लागली. त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या आळीतल्या बाया चपला घालून पाण्याला गेल्या. मला तो दिवस अजून आठवतो आणि त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही.

पण काम झालं ते भिंतीपासून भिंतीपर्यंत झालं. मग ज्याच्या त्याच्या अंगणाला हौस आली. पहिल्यांदा सरपंचांच्या दारात कोबा झाला, मग त्यांच्या शेजारी, मग सगळीकडे. देवळासमोरच्या पटांगणात पेव्हर ब्लॉक बसले. शाळेचं मैदान अर्धं झाकलं. बाजूला शेतजमीन बिनशेती करून प्लॉट पडले, त्यांनी कुंपणाच्या आत सगळीकडे फरशी घातली. कोणी वाईट हेतूनं केलं नाही. प्रत्येकाला आपल्यापुरतं कोरडं हवं होतं.

तिसऱ्या की चौथ्या पावसाळ्यात मी उताराच्या खालच्या अंगाला असलेल्या कातकरी वाडीत बैठकीला गेले. बाया बसायला तयार नव्हत्या, कारण बसायला जागाच नव्हती. तीन घरांत पाणी शिरून गेलेलं. चुलीची राख आणि भात एक झालेला. एक म्हातारी मला म्हणाली, “ताई, तुमच्या आळीतला चिखल नाय मेला. त्यो आमच्या घरात आला.”

मी घरी आले आणि बरेच दिवस गप्प होते.

हिशोब करून पाहू

आपल्या शिबिरांत आपण घरकामाचा हिशोब मांडतो, तसा हा पाण्याचा मांडावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आळी दीडशे मीटर लांब आणि चार मीटर रुंद धरा. म्हणजे 600 चौरस मीटर. दिवसभरात 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि तो आमच्याकडे जुलैत नवलाचा नाही, तर त्या एका आळीवर 60 हजार लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे सहा टँकर. एक गुंठा अंगणावर त्याच पावसात दहा हजार लिटर. मातीचं, गवताचं, झाडाझुडपांचं अंगण असेल तर त्यातलं बरंच पाणी मुरतं, उरलेलं खाचखळग्यांत थांबत, रेंगाळत जातं. काँक्रीटवरून मात्र दहातले आठ-नऊ भाग पाणी जागच्या जागी निसटतं, आणि ते धावत जातं. सगळ्या अंगणांचं, छपरांचं आणि आळीचं पाणी एकाच वेळी उताराच्या टोकाला पोचतं. तिथे कोण राहतं, हे मी तुम्हांला सांगायला नको. गावाची खोलगट जागा कुणाच्या वाट्याला येते, हे आपल्याला पूर्वीपासून माहीत आहे.

हिशोबाची दुसरी बाजू उन्हाळ्यात दिसते. ज्या विहिरीवर त्या आळीच्या बाया पाण्याला जात, तिच्या भोवतीचा चौक आणि वरच्या अंगाची सगळी जमीन झाकली गेली. विहिरीचा झरा आटायला कारणं अनेक असतात. बोअरवेल वाढल्या, डोंगरावरची झाडं गेली, हेही आहे. सगळा दोष मी कोब्यावर टाकणार नाही. पण वरून मुरणारं पाणी तोडलं आणि खालून उपसा वाढवला, तर विहिरीनं काय करावं? तीन हजार मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, याची आता आपल्याला सवय झाली आहे. पेणच्या खारेपाटात तर बायांचा जन्म पाण्यासाठी भांडण्यात गेला, आणि त्याच तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी नवी मुंबईला गेलं. शहराला पाणी जातं हा अन्याय आपल्याला दिसतो, कारण त्याची पाइपलाइन दिसते. आपल्याच अंगणातून पाणी निघून जातं, ते मात्र दिसत नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. मोठे पूर काँक्रीटमुळेच येतात असं मी म्हणत नाही. जुलै 1989 मध्ये अंबा नदीनं जांभूळपाड्यात हाहाकार केला, तेव्हा या खोऱ्यात काँक्रीट कितीसं होतं? तसा पाऊस कोसळला की भिजून फुगलेली मातीही पाणी घेत नाही. पण तसा पाऊस रोज पडत नाही. वर्षातले बाकीचे दिवस, जूनच्या पहिल्या सरी, सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, यांतलं पाणी माती घेऊ शकते. रोजच्या पावसात घरात पाणी शिरणं आणि चैत्रात विहीर कोरडी पडणं, हे आपल्या हातून झालेलं आहे आणि आपल्या हातानं कमी करता येणारं आहे.

मुंबईनं काय शिकवलं

शहराची गोष्ट यासाठी सांगते, की तिथे हे सगळं आपल्या आधी होऊन गेलं. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशोबानं बांधलेली होती, आणि त्या हिशोबात पडलेल्या पाण्यातलं निम्मं जमिनीत मुरेल असं धरलेलं होतं. मग बागा, वाड्या, मोकळी मैदानं, मिठागरं भरली, झाकली गेली. 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात नव्या गटारांसाठी ताशी 50 मिलिमीटर पाऊस धरायला सांगितलं, आणि पडलेलं सगळंच्या सगळं पाणी वाहून येईल असं गृहीत धरायला सांगितलं. म्हणजे हे शहर आता पाणी मुरवत नाही, हे इंजिनिअरांनी कागदावर कबूल केलं. पुढे 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, मिठीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. सरकारनं माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. एवढा पाऊस कुठलंही शहर सहज पचवू शकत नाही, हे खरं. पण पाण्याची जागा आपण खाल्ली, हेही तितकंच खरं.

त्यानंतर थोडी जाग आली. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या एका खटल्यात निकाल दिला, की इमारतीच्या आवारात सोडायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, वाहनतळाच्या स्लॅबवर बाग करून ती भरून काढता येणार नाही. 2018 मध्ये मंजूर झालेल्या मुंबईच्या विकास नियमावलीत मोकळ्या जागेचा काही हिस्सा पाणी मुरण्यासाठी उघड्या मातीचा ठेवण्याची अट आली. 2013 मध्येच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं दिल्लीत आदेश दिला, की झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाका. झाडाला आळं ठेवावं, हे आपल्या आज्यांना न्यायालयानं सांगायची गरज पडली नव्हती.

परदेशात याहून पुढे गेले आहेत. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2008 पासून घराच्या पुढच्या अंगणात पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालून पाणी रस्त्यावर सोडायचं असेल, तर परवानगी घ्यावी लागते. जर्मनीत अनेक गावांत घराभोवतीची जितकी जमीन झाकली, त्या प्रमाणात पावसाच्या पाण्याचा आकार भरावा लागतो. ज्यानं पाणी बाहेर घालवलं त्यानं त्याचा खर्च द्यायचा, असा साधा न्याय. अमेरिकेत मेरीलँड राज्यानं 1984 मध्ये चेसापीक नावाची खाडी वाचवण्यासाठी कायदा केला, आणि काठापासून हजार फुटांच्या पट्ट्यातल्या काही भागांत प्लॉटचा साधारण 15 टक्केच भाग झाकता येईल अशी मर्यादा घातली. म्हणजे अंगण खासगी असलं तरी त्यातून निघणारं पाणी खासगी राहत नाही, हे तत्त्व अनेक ठिकाणी मान्य झालेलं आहे. आपल्याला ते नवं वाटू नये. घर खासगी असलं तरी त्यातली मारहाण खासगी बाब नाही, हे आपणच वर्षानुवर्षं सांगत आलो.

आपल्याकडे गावांना असा नियम जवळजवळ नाहीच. 2020 च्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत पावसाचं पाणी जिरवण्याची सक्ती आहे, पण ती 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या बांधकामांना. गावठाणातली लहान घरं तिच्यात येत नाहीत, आळ्या येत नाहीत, देवळाचं पटांगण येत नाही. म्हणजे जिथे रोज काँक्रीट पडतं आहे, तिथे कुणी विचारणारं नाही.

बाईचा सवाल

आता मला सर्वांत अवघड वाटतो तो प्रश्न. ही चर्चा मी पहिल्यांदा आमच्या बैठकीत काढली, तेव्हा एक वहिनी उसळून म्हणाल्या, “म्हणजे आम्ही परत शेण कालवायचं का?”

सवाल बिनतोड होता. मातीच्या अंगणाचं कौतुक बहुतेक ज्यांना ते सारवावं लागत नाही तेच करतात. आमच्या सासूबाई दिवाळीच्या आधी अंगण करायच्या, म्हणजे खणायचं, माती घालायची, पाणी मारायचं, चोपणीनं चोपायचं आणि मग सारवायचं. आठ दिवस कंबर धरून चालायच्या. पुढे पावसाळ्यापर्यंत दर चार दिवसांनी सारवण, रोज सडा. ‘आमच्या वेळी अंगणं कशी सुंदर असायची’ असं सासरे म्हणायचे, तेव्हा त्या काही बोलत नसत. कोबा झाला आणि त्यांच्या कमरेला सुटका मिळाली. पर्यावरणाच्या नावाखाली बाईचे कष्ट परत तिच्या गळ्यात बांधणारी कुठलीही गोष्ट मी मान्य करणार नाही. चुलीच्या धुराबद्दल आपण हेच म्हणालो होतो.

पण नीट पाहिलं तर दोन बाजूंमधली ही निवड खोटी आहे. चालायला, दळण-वाळवण करायला, भांडी घासायला, पाळणा ठेवायला जेवढी जागा लागते तेवढा कोबा असू दे. दारापासून रस्त्यापर्यंत पायवाट पक्की असू दे. उरलेल्या जागेला सारवण कशाला हवं? तिथे गवत वाढू दे, अळू-केळी लावा, अबोली लावा, पागोळ्यांखाली खडी पसरा. तिला झाडूही फार लागत नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या कोब्याची गरज बाईच्या पायांना नव्हतीच. ती हौस होती, आणि ठेकेदाराच्या मापाची सोय होती. जितके चौरस मीटर जास्त, तितकं बिल मोठं.

दुसरा सवाल त्याहून कठीण. कातकरी वाडीतल्या बाया आता म्हणतात, आमच्याही वाडीत काँक्रीट करा. आता वीस वर्षं आम्ही चपला घालून चालल्यावर, त्यांच्या पाळीला येऊन ‘पाणी मुरायला हवं बरं का’ असं आम्ही कुठल्या तोंडानं सांगायचं? मर्यादा घालायचीच, तर तिची सुरुवात ज्यांच्याकडे सर्वांत कमी झाकलं आहे तिथून करायची नाही. ज्यांनी सर्वांत जास्त झाकलं त्यांच्यापासून करायची. आधी देवळाचं पटांगण, शाळेचं मैदान, पंचायतीचं आवार, फार्महाउसांचे प्लॉट, मग आमच्या आळीतली अंगणं. वाडीला पक्की वाट मिळालीच पाहिजे, आणि ती पहिल्यांदा मिळाली पाहिजे. गरिबापासून सुरू होणाऱ्या नियमाला मी नियम म्हणत नाही, ती नुसती बंदी असते. आणि असे नियम आपण खूप पाहिले आहेत.

आमची मागणी

आम्ही चार-पाच गावांतल्या बायांनी बसून काही मुद्दे काढले आहेत. ते पक्के नाहीत. तुमच्या गावाच्या मातीप्रमाणे, उताराप्रमाणे बदलावेत.

पहिला, आळीत पक्का पट्टा आठ-नऊ फुटांचाच असावा, म्हणजे रुग्णवाहिका जाईल आणि पायही कोरडे राहतील. दोन्ही बाजूंना मातीचा पट्टा आणि त्यात चर. दीडशे मीटर लांबीच्या, चार मीटर रुंदीच्या आळीत एवढं केलं तरी साधारण दोनशे चौरस मीटर जमीन उघडी राहते.

दुसरा, घराभोवतीच्या मोकळ्या जागेपैकी निदान निम्मी जागा न झाकलेली असावी. ज्यांचं अंगण चार हातांचंच आहे त्यांना ही अट नको, त्यांनी छपराचं पाणी पन्हळीनं शोषखड्ड्यात सोडावं. हा शोषखड्डा विहिरीपासून आणि संडासाच्या टाकीपासून लांब असावा, आणि त्यात मोरीचं साबणाचं पाणी सोडू नये. नाहीतर पाणी वाढेल पण आजारही वाढतील, आणि आजाऱ्याची उस्तवार कुणी करायची ते ठरलेलंच आहे.

तिसरा, सार्वजनिक मैदानांवर काँक्रीट नको. पेव्हर ब्लॉक लावायचेच असतील तर खाली काँक्रीटचा थर आणि सांध्यांत सिमेंट नको, वाळू हवी. पेव्हर ब्लॉक लावले की पाणी मुरतंच, असं ठेकेदार सांगतात. सांधे बुजवले तर त्यांत आणि कोब्यात फरक उरत नाही.

चौथा, पंचायतीच्या प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात एक ओळ असावी : या कामावरून निघणारं पाणी कुठे जाणार आणि कुणाच्या दारावरून जाणार? ही ओळ भरल्याशिवाय काम मंजूर करू नये. रस्त्याचा भराव घालताना मोऱ्या किती आणि कुठे, हेही त्यात यावं. महामार्गाच्या चौपदरीकरणाचं पनवेल ते इंदापूरचं काम 2011 ला सुरू झालं आणि एक तपाहून जास्त रखडलं. त्या सगळ्या काळात खड्ड्यांबद्दल केवढी ओरड झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण उंच भराव घातला, मोरी चुकीच्या जागी पडली, तर वरच्या शेतात पाणी तुंबतं आणि खालच्या घरावर लोंढा येतो, याबद्दल कुणी बोललं नाही. गाडीत बसणाऱ्याला खड्डा लागतो, मोरी लागत नाही.

हे कोण करणार?

आपणच. आणि त्यासाठी नवा कायदा यायची वाट पाहायला नको. खासगी जागेवर सक्ती करायला पंचायतीचे हात तोकडे आहेत, हे मला कळतं. त्यासाठी राज्याच्या नियमावलीत लहान प्लॉट आणि गावठाणं यावीत, ही मागणी वेगळी लढवावी लागेल. पण पंचायतीच्या स्वतःच्या कामांवर तर आपला अधिकार आहे. गावाचा विकास आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, अशी तरतूद कायद्यात आहे. बहुतेक गावांत ती सभा रजिस्टरवर होते. शिपाई सह्या घ्यायला घरोघर फिरतो, आणि आपण भाकरी थापताथापता सही करतो. 2011 पासून राज्यात पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीत तर पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी 30 टक्के हिस्सा बांधून दिलेला होता. त्यातून तुमच्या गावात काय झालं, हे विचारा. आराखड्याची प्रत मागा. ‘काँक्रीटीकरण करणे’ अशा किती ओळी आहेत आणि ‘पाणी जिरवणे’ अशी किती, ते मोजा. एवढं एक काम शाळकरी मुलगीही करून देईल.

स्थानिक माणसांना विचारायची पद्धत आपल्या भागात नवी नाही. सप्टेंबर 2008 मध्ये पेण तालुक्यातल्या 22 गावांत सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर सरकारला मत घ्यावं लागलं होतं, कारण लोक उठले होते आणि त्यांत बाया पुढे होत्या. एवढ्या मोठ्या प्रश्नावर मत देता येतं, तर आपल्या आळीतलं काँक्रीट किती रुंद असावं यावर का देता येऊ नये?

आपल्या चळवळीत पाण्याचा प्रश्न जुना आहे. मृणाल गोऱ्यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत, ते त्यांनी गोरेगावच्या वस्त्यांत नळ यावा म्हणून केलेल्या लढ्यामुळे. तेव्हापासून आपण पाणी म्हणजे नळ, हंडा, टँकर असंच धरून भांडत आलो. नळ हवाच. पण नळात येणारं पाणी आधी कुठेतरी मुरावं लागतं. आणि जे मुरलं नाही ते कुणाच्या तरी उंबऱ्यावर जातं. या दोन्ही टोकांना बाईच उभी असते. एकीकडे रिकामी कळशी घेऊन, दुसरीकडे घरातलं पाणी ताटलीनं बाहेर फेकत.

त्या गावात आम्ही गेल्या पावसाळ्यात एक गोष्ट केली. मोठी सर आली तेव्हा छत्र्या-इरली घेऊन वरच्या आळीतल्या आठ-दहा बाया घराबाहेर पडल्या आणि पाण्याच्या मागोमाग चालत गेल्या. माझ्या अंगणातून निघालेलं पाणी कुठे वळतं, कुणाच्या पाण्याला मिळतं, कुठे वेग घेतं, हे पाहत पाहत त्या वाडीपर्यंत आल्या. बऱ्याच जणी त्या वाडीत पहिल्यांदाच येत होत्या. दारात कातकरी बाया उभ्या होत्या. कुणी भाषण केलं नाही, करायची गरज पडली नाही. ज्या वहिनींनी शेण कालवण्याचा सवाल केला होता, त्या परत येताना म्हणाल्या, “माझ्या परसातला कोबा अर्धा फोडते. तसाही तिथे कोण बसतंय?” त्यांनी तो दिवाळीनंतर फोडला. आता तिथे अळू आहे.

एका परसानं वाडी वाचत नाही, हे मलाही माहीत आहे. देवळाच्या पटांगणाचा ठराव अजून झालेला नाही. गेल्या सभेत पुरुषांनी हसून तो पुढे ढकलला. वाडीची पक्की वाट अजून कागदावर आहे. म्हणून पुढच्या महिला सभेला दोन्ही आळ्यांतल्या आणि वाडीतल्या बाया एकत्र जाणार आहेत. दोन्ही ठराव एकाच कागदावर देणार आहेत : वाडीला वाट द्या, आणि पटांगणाची माती मोकळी करा. एक मान्य आणि एक नामंजूर, असं चालणार नाही.

तुमच्या गावात, वॉर्डात, सोसायटीत अशी पाण्यामागची फेरी काढा. पहिली मोठी सर चुकवू नका. आणि पाणी कुणाच्या दारात पोचलं, ते आम्हांला कळवा.